हार्मोनची तांबी बसवण्यापूर्वी

जिला आपण सर्रास ‘हार्मोनची तांबी’ म्हणतो, तिच्यात तांबे मुळीच नसते. टी अक्षराच्या आकाराच्या या छोट्या साधनात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन भरलेले असते. ते गर्भाशयात रोज थोडेथोडे झिरपते, त्यामुळे ग्रीवेतील, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला, स्राव घट्ट होतो आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. वर्षभरात शंभरात एकीलाही गर्भ राहत नाही, तेव्हा खात्रीचा प्रश्न फारसा उरत नाही. विचार करायचा तो पाळीचा.

म्हणून आधी दोन-तीन महिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज नोंद करावी: किती पॅड बदलले, गाठी पडल्या का, रात्री उठावे लागले का. अंगावरून फार जात असेल आणि हिमोग्लोबिन घसरले असेल, तर हे साधन गर्भनिरोधनाबरोबर उपचारही ठरते. केवळ जास्त रक्तस्रावामुळे ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळालेल्या प्रत्येक स्त्रीने त्याआधी या पर्यायाबद्दल विचारलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मात्र पहिले तीन ते सहा महिने अवेळी डाग पडत राहतात, आणि ज्या घरात पाळीचे दिवस आजही पाळले जातात तिथे हा त्रास लहान नसतो. वर्षभरानंतर पाचांतल्या एकीची पाळी थांबते. रक्त आत साठत नाही, अस्तरच फारसे तयार होत नाही. तरीही पाळी न येण्याने मनाला घोर लागणार असेल, तर साधी कॉपर-टी बरी. ती दहा वर्षे चालते, सरकारी दवाखान्यात मोफत बसते आणि तिच्यात हार्मोन नसते, पण रक्तस्राव व कळा वाढवू शकते.

काहींना डोकेदुखी, मुरुमे किंवा स्तनांत दुखरेपणा जाणवतो. वीसांत सुमारे एकीचे साधन आपोआप निसटते, तर हजारात एखादीच्या गर्भाशयाला बसवताना छिद्र पडते. स्तनाचा कर्करोग, ओटीपोटातील चालू संसर्ग किंवा निदान न झालेला रक्तस्राव असेल, तर ते बसवू नये. लैंगिक संसर्गापासून संरक्षण केवळ निरोध देतो.

बसवताना वेदनाशामक काय देणार आणि नको झाल्यास काढण्याचा खर्च किती, हे आधीच विचारावे. नंतर पाळी झाल्यावर बोटाने धागे चाचपावेत. ते लागले नाहीत, किंवा गर्भ राहिल्याची शंका येऊन पोटात एका बाजूला दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण अशा वेळी गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.