कॉम्प्युटरवरून दुबईला फोन: आवाज न तुटता

दुबईच्या टॉवेल व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, फोटो जातो. कॉल मात्र तिथल्या निर्बंधांमुळे सहसा लागत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरवरून थेट त्याच्या फोन नंबरवर कॉल लावावा. (स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. जुन्या सल्ल्यात ते नाव दिसले तर पुढे जा.)

भारतात परवाना असलेल्या कंपनीकडून सिप खाते (इंटरनेटवरून फोन लावण्याचे खाते) घ्या. युजरनेम, पासवर्ड आणि सर्व्हरचे नाव मिळेल. विंडोजवर मायक्रोसिप हा सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवरून फोन लावणारा प्रोग्रॅम) टाका, नाहीतर लिनफोन. दोन्ही फुकट आहेत. तिन्ही गोष्टी भरल्या की खाते ‘ऑनलाइन’ दिसते. ४०१ किंवा ४०३ हा एरर कोड आला तर आधी पासवर्ड तपासा. ४०८ म्हणजे सर्व्हरकडून उत्तरच आले नाही; बहुतेक वेळा सर्व्हरचे नाव चुकलेले असते किंवा फायरवॉल आडवी येते.

नंबर लावताना शून्याची गफलत हमखास होते. तिथला ०५० चा मोबाइल इथून ००९७१ ५० असा लावायचा, मधला शून्य गाळून. आपल्या व्हिजिटिंग कार्डावरही सोलापूरच्या ०२१७ ऐवजी +९१ २१७ छापा, नाहीतर समोरच्याचा फोन लागणार नाही.

आवाज तुटला की लोक आधी इंटरनेटचा महागडा प्लॅन घेतात. ते पैसे वाया जातात. जी.७११ कोडेकला (आवाजाचा डेटा बनवण्याची पद्धत) एका दिशेने ९० केबीपीएसच्या आत लागतात. मिनिटाला दोन्ही बाजू मिळून सव्वा एमबीच्या आसपास. वेग पुरतो, अडचण पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वेळेवर न पोचण्याची असते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय दोन भिंतींपलीकडे डळमळते, म्हणून कॉम्प्युटरला राउटरपासून लॅनची वायर ओढा. सर्व्हरला १०० पिंग (चाचणीची पॅकेट) मारून बघा: शंभरात एखादे हरवले तरी शब्द गळू लागतात. त्याच वेळी दुसऱ्या टेबलावरून डिझाइनच्या मोठ्या फाइली अपलोड होत असतील तर त्या थांबवा.

कॉल लागतो, पण एकाच बाजूला ऐकू येते? राउटरमधली सिप एएलजी ही सेटिंग बंद करा आणि सॉफ्टफोनमध्ये स्टन (आपला बाहेरचा पत्ता शोधून देणारी सोय) चालू करा. एएलजी मदतीच्या नावाखाली पॅकेटमधले पत्ते बदलते आणि आवाज भलतीकडे जातो.

यंत्रमागाच्या खडखडाटात लॅपटॉपचा माइक निरुपयोगी. दांडीचा माइक असलेला यूएसबी हेडसेट घ्या; माइक तोंडासमोर न धरता गालाशी, तोंडापासून दोन बोटांच्या अंतरावर ठेवा. उन्हाळ्यात टेबलफॅनचा झोत माइकवर आला की समोरच्याला वादळ ऐकू येते, तेव्हा फॅन फिरवा. समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर तुमचा स्पीकर चालू राहिला आहे.

वीज गेली तर लॅपटॉप चालेल, राउटर आणि फायबरचा मोडेम बंद पडेल. दोन्हींना छोटा यूपीएस लावा. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळतो का आणि यूपीएसचे अँपिअर तेवढे किंवा जास्त आहेत का बघा.