आधी काच, मग कटर: छत उतरवलेल्या गाडीच्या पुढच्या काचेबाबत या चुका टाळा

जुन्या अँबॅसिडरचं नाहीतर पद्मिनीचं छत चार इंच खाली उतरवायचं, त्यासाठी कापलेले पिलर (छत पेलणारे खांब) पुन्हा जोडायचे, पुट्टी भरायची, रंग मारायचा आणि मग एके दिवशी काचवाल्याकडे जाऊन म्हणायचं, "भो, एवढी एक काच बसवून द्या." जळगाव-धुळ्याकडचे नवे कारागीर बहुतेक याच क्रमाने कामाला लागतात, आणि बहुतेक गाड्या याच टप्प्यावर ताडपत्रीखाली जातात. पत्रा कापता येतो, वाकवता येतो, चुकला तर पुन्हा जोडता येतो. काचेचं तसं नाही. म्हणून गाडीला कटर लावण्याआधी पुढची काच कुठून येणार हे ठरलेलं हवं.

पर्याय तीनच आहेत. मूळची वाकलेली लॅमिनेटेड (दोन थर मधे पडदा घालून चिकटवलेली) काच कापून वापरायची, फर्मा म्हणजे मापाचा नमुना पाठवून नवी वाकवून घ्यायची, किंवा चौकट बदलून मधे उभी पट्टी घ्यायची आणि दोन सपाट काचा बसवायच्या. १९३२ च्या फोर्डसारख्या गाड्यांची काच सपाटच होती. म्हणून अमेरिकेत छत उतरवायचा शौक तिथून वाढला, काच कापणं कुणाला जड गेलं नाही. जीपची काचही सपाट असते, तिथे निम्मी डोकेदुखी नाहीच. खरी परीक्षा वाकलेल्या काचेची.

"चार इंच म्हणजे चार इंच"

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून जरा सविस्तर.

छत चार इंच उतरलं म्हणून काचही चार इंचच कमी करायची, असं गृहीत धरलं जातं. पण काच उभी नसते, मागे झुकलेली असते. समजा ती ओळंब्यापासून ४० अंश झुकलेली आहे आणि चौकटीची उभी उंची १६ इंच आहे. मग काचेच्या अंगावरून मोजलेली लांबी होते सुमारे २०.९ इंच. आता छत सरळ खाली आणलं तर पिलरचा वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर बसतच नाही, तो साधारण ३.४ इंच मागे राहतो. इथे दोन रस्ते फुटतात. छत पुढे सरकवून पिलर जुळवले तर झुकाव ४० अंशच राहतो आणि काच ५.२ इंच कमी होते. छत जागेवर ठेवून पिलरच मागे झुकवले तर झुकाव ४८ अंशांपर्यंत जातो आणि काच फक्त २.९ इंच कमी होते. छत दोन्हीकडे चारच इंच उतरलं, काचेत मात्र सव्वादोन इंचांहून जास्त फरक.

आणि हे फक्त मधल्या रेषेचं गणित झालं. काचेची दोन्ही टोकं वळलेली असतात, तिथला हिशोब वेगळा. पिलर वर निमुळते होत जातात, त्यामुळे छत खाली आलं की वरची रुंदी आणि खालची रुंदी जुळत नाही. म्हणून कागदावर गणित करा, पण काच कागदावरून कापू नका. मूळ काच चौकटीसमोर धरा, दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलून, आणि बघा: वरून कापली तर कोपऱ्याचं वळण नव्या पिलरला लागून बसतं की खालून कापली तर? बऱ्याचदा खालून कापलेली बरी पडते, कारण वरचे गोल कोपरे शाबूत राहतात. पण बॉनेटकडची खालची कड नीट बसली नाही तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणूनच छत टॅक वेल्डवर, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांच्या तात्पुरत्या वेल्डिंगवर, असतानाच काच लावून बघायची. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर बघून काय करणार?

फर्मा ३ मिमी हार्डबोर्डचा करा. पुठ्ठा नको. मेच्या पंचेचाळीस अंशात पुठ्ठा दुपारपर्यंत पापडासारखा वळतो. सपाट काचेला हार्डबोर्ड पुरतो. वाकलेल्या काचेला मात्र उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी करून वळण पकडावं लागतं. फर्म्यावर "बाहेरची बाजू", "वर" आणि मधली रेषा ठळक लिहा, नाहीतर आरशासारखी उलटी काच तयार होऊन येते.

माप सुतात घेऊन काचवाल्याला मिलिमीटरमध्ये सांगू नका. एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. "दोन सूत म्हणजे पाच मिमी धरू" असं म्हणणाऱ्याच्या चौकटीत काच खडखडते.

रबराची जाडी एकदाच वजा करणं

बीडिंगचं, म्हणजे काच धरून ठेवणारं, रबर चौकटीच्या चारही बाजूंना असतं, म्हणून त्याची काच आणि पत्र्याच्या मधली जाडी उंचीतून दोनदा आणि रुंदीतूनही दोनदा वजा होते. चौकट ३८० मिमी, रबराची मधली भिंत ६ मिमी आणि प्रत्येक बाजूला दीड मिमी सैलपणा धरला तर काच ३६५ मिमी. रबर आधी विकत घ्या, तुकडा कापून व्हर्नियरने मोजा, मगच काचेचं माप द्या. उलट क्रमाने गेलात तर काचेला साजेसं रबर शोधत आठवडा जाईल.

टफन काच

पुढे टफन, म्हणजे तापवून कडक केलेली एकेरी काच, लावू नका. खडा लागला की अख्खी काच एका क्षणात दाणेदार होते आणि समोरचं काही दिसत नाही. शिवाय टफन एकदा तयार झाली की कापता येत नाही, कटर टेकवला तरी तुकडे होतात. जुन्या गाड्यांची मूळ काचही टफन असू शकते, तेव्हा कापायला घेण्याआधी कोपऱ्यातला शिक्का वाचा आणि कड बाजूने बघा. मधे पातळ रेघ दिसली तर लॅमिनेटेड.

ॲक्रिलिकचं तर नावच काढू नका. वायपर चार दिवसांत त्यावर ओरखडे पाडतो, आणि १२०० मिमीचा तुकडा ४० अंशांच्या फरकात साधारण साडेतीन मिमी लांबतो, तर पोलादाची चौकट अर्धा-पाऊण मिमी. मग फुगवटा येतो, नाहीतर स्क्रूच्या भोकातून चीर जाते.

लॅमिनेटेड कापताना घाई

लॅमिनेटेड म्हणजे दोन काचा आणि मधे पीव्हीबी या प्लास्टिकचा पडदा, बहुधा ०.७६ मिमीचा. एका बाजूने रेघ मारून हाताने मोडायला गेलात तर दुसरी काच वाट्टेल तिथून फुटते. एका बाजूला एकच दाबाची, न थांबता रेघ. खालून हलके टिचके मारत चीर पूर्ण पळवायची. मग दुसऱ्या बाजूला बरोबर त्याच रेघेवर हेच. दोन्ही चिरा पूर्ण झाल्यावरच पडदा थोडा गरम करून (काचवाले स्पिरिट ओतून पेटवतात) पातळ ब्लेडने कापायचा. रेघेवर दोनदा कटर फिरवणाऱ्याला काचेच्या जवळ येऊ देऊ नये. कड ओल्या पट्ट्यावर घासून घ्या, खरखरीत कडेतूनच पुढची चीर सुरू होते. वाकलेली जुनी काच कापायची तर दोन काचा हाताशी ठेवा. एकच असेल तर काम सुरू करू नका.

वेल्डिंगची गोळी

नवी काच बसली, गाडी देखणी दिसतेय, आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातून चीर निघते. अशा वेळी सगळे एका सुरात उन्हाला दोष देतात. धुळ्याकडची एक अँबॅसिडर अशीच कन्नड घाट चढून आली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून टीचभर चीर. काचवाला म्हणाला ऊन, डेंटर म्हणाला काचच हलकी. काच बदलली. पंधरा दिवसांनी चीर पुन्हा त्याच कोपऱ्यातून. ऊन काही कोपरा निवडून पडत नाही. शेवटी रबर काढून फ्लँजवर, म्हणजे रबर बसतं त्या पत्र्याच्या कडेवर, बोट फिरवलं तर पिलरच्या जोडावर ज्वारीच्या दाण्याएवढी वेल्डिंगची गोळी, प्राइमरखाली लपलेली. सपाट रस्त्यावर रबर ती झाकून घेत होतं. घाटात गाडीला पीळ पडला की काच नेमकी तिच्यावर टेकत होती.

बोटावर भरवसा ठेवू नका. कॉटन वेस्टचा पुंजका फ्लँजवरून चौफेर फिरवा. धागा अडकला की तिथे फाइल. मग चौकटीचा पीळ बघा: समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन सुतळ्या ताणून बांधा. मधे एकमेकींना जेमतेम स्पर्श करायला हव्यात. दोघींत फट असेल, किंवा एक दुसरीला ढकलत असेल, तर चौकट पिळलेली आहे. दोन मिमीच्या वर फरक असेल तर काच मागवू नका, आधी पिलर सोडवा. रबर सगळं सांभाळून घेईल असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. दुसऱ्या काचेचे पैसे ते देत नाहीत.

बसवताना

रबरात सुतळी घालून ती ओढत काच बसवायची तर साबणाचं पाणी वापरा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, रबर फुगतं. रबर ताणून कापू नका, नंतर आक्रसून जोड उघडा पडतो. जोड कोपऱ्यात कधीच नाही.

चिकटवायची काच असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं आणि कडेने पीव्हीबीलाही त्रास देतं. त्रिकोणी रेघ १० मिमी रुंद, १२ मिमी उंच धरली तर चार मीटर घेराला साधारण २४० मिली लागतं. म्हणजे ३१० मिलीची एक नळी जेमतेम पुरते, दोन आणा. काचेच्या कडेला काळी पट्टी नसेल तर काचेचं काळं प्राइमर लावाच, नाहीतर ऊन थेट सीलंटवर पडून पकड जाते. एकघटकी (दुसरं काही न मिसळता नळीतून थेट लावायचं) पीयू हवेतल्या ओलाव्याने सुकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे "उन्हात लवकर सुकेल" हा अंदाज उलटा पडतो. २४ तास गाडी हलवू नका, आणि दाराची एक काच थोडी उघडी ठेवा, दार आपटलं की आतली हवा ओल्या सीलंटवरची काच बाहेर ढकलते.

वायपरचे ब्लेड लहान करा. फिल्म लावू नका. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा. आणि छत उतरवणं म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून मगच ती हमरस्त्यावर काढायचा विचार करा.

शेवटी पाणी. नळी खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर न्या, प्रत्येक बाजूला पाचेक मिनिटं. आत एकजण टॉर्च आणि खडू घेऊन बसलेला हवा. थेंब दिसला तिथे खूण, पण सीलंट तिथे भरू नका. पाणी त्या क्षणी नळी जिथे होती तिथून शिरलेलं असतं आणि रबराच्या आतून वाहत येऊन खाली टपकतं.