कोल्हापूरहून जंगलजेटीनं दाभोळपर्यंत

कोल्हापूरकराचं कोकण बहुतेक वेळा गणपतीपुळ्यालाच संपतं. दर्शन, मासे, आणि संध्याकाळी परत आंबा घाट. पण तिथून जवळच, जयगडहून पल्याडच्या तवसाळला गाड्या नेणारी फेरीबोट आहे, जिला लोक जंगलजेटी म्हणतात. दोन मुक्काम काढता येत असतील तर खाडी ओलांडाच.

पहाटे निघा. मलकापूर, साखरपा, हातखंबा, निवळी करत गणपतीपुळे साधारण १४५ किलोमीटर. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशीच फोन करून विचारा. वारं-पाऊस वाढला की बोट थांबते, आणि मग गुहागर गाठायला मोठा वळसा पडतो. म्हणून शेवटच्या फेरीच्या भरवशावर बेत आखू नका. सुटे पैसे जवळ असू द्या.

धक्क्यावर खलाशी हात दाखवेल तशीच गाडी चढवा. ओहोटीला उतार जास्त आणि निसरडा असतो, तेव्हा दुचाकीवर मागं बसलेल्याला आधी उतरवा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि कठड्याशी या. शास्त्री नदीच्या मुखावर एका काठाला जयगड, पल्याड तवसाळचा विजयगड. खाडीत शिरणाऱ्या गलबतावर दोन्हीकडून नजर कशी राहत असेल, ते पाण्यावरूनच उमगतं.

तवसाळहून हेदवी, वेळणेश्वर करत गुहागरला मुक्काम करा. सकाळी अंजनवेलचा गोपाळगड बघा आणि धोपाव्याहून दुसरी बोट धरा. वाशिष्ठी ओलांडली की दाभोळ.

इथं घाई करू नका. आज शांत वाटणारं हे गाव बहमनी काळातलं मोठं बंदर, परदेशी व्यापाऱ्यांची वर्दळ असलेलं. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते लुटून जाळलं. गाडी लावून पायीच फिरा. किनाऱ्याजवळची जुनी दगडी मशीद बाहेरून निवांत बघा, आत जायचं तर आधी तिथल्या माणसांना विचारा. चंडिकादेवीच्या गुहेतल्या देवळात वाकून, समईच्या उजेडात जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत कुणाला तरी घ्यावं.

दुसरा मुक्काम दापोलीला. परतताना आल्या वाटेनं येऊ नका. खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड असा रस्ता धरा, आणि घाट मात्र उजेडातच चढा.