पांढरी सहा लिहिलेली, काळी चार ऐकू येणारी

पुण्यात बारा वर्षं व्हायोलिन शिकून मी बरोक व्हायोलिनसाठी, म्हणजे साधारण 1600 ते 1750 मधलं युरोपीय संगीत त्या काळच्या पद्धतीच्या व्हायोलिनवर शिकायला, नेदरलँड्समध्ये हेगला गेले. पहिल्या आठवड्यात कान आणि डोळे यांचं जमेचना. बरोक संगीतात ‘ए’ हा स्वर आज बहुतेक ठिकाणी 415 हर्ट्झला लावतात, 440 ला नाही. पेटीच्या भाषेत, कागदावर पांढरी सहा आणि कानावर काळी चार. याची सवय लवकर होते, घाबरू नका.

तारांची सवय व्हायला मात्र महिने लागले. सारंगीला असते तशीच इथेही तात, आतड्याची. स्टीलच्या तारेसारखा गज दाबलात तर ती किंचाळते. हवा ओलसर झाली की सूर हलतो, आणि वरची बारीक तार ऐन वेळी तुटते. व्हायोलिनच्या डब्यात नेहमी दोन जादा ठेवा. गज आखूड, बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेला, टोकाला हलका. त्यामुळे स्वर आपोआप विरत जातो. तो शेवटपर्यंत ताणून धरायची आमची जुनी सवय इथे सोडावी लागते. हनुवटीला आधार नसतो, म्हणून वरून खाली येताना डावा हात सरपटत आणायचा. हे आरशासमोर शिका.

पण सगळ्यात मोठी गोष्ट सुराची. एका तालमीत आमच्या बाईंनी मला वाजवणं थांबवून चेलोचा (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य) खालचा स्वर गायला लावला आणि मग म्हणाल्या, आता त्यावर तुझा गंधार ठेव. मी ठेवला, आणि एकदम घरचा तानपुरा आठवला. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो ना, तोच गंधार! पेटीतला गंधार त्याहून सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. मीनटोन या स्वर लावायच्या जुन्या पद्धतीत हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारं जुनं पट्ट्यांचं वाद्य) लावताना पंचम किंचित उतरवतात ते हा गंधार शुद्ध मिळावा म्हणून. म्हणूनच तिथे जी शार्प (चढा जी) हा ए फ्लॅटच्या (उतरलेल्या ए च्या) खाली असतो; पेटीवर दोन्ही एकच, काळी चार. आधुनिक व्हायोलिनवर आपण शार्प चढा घेतो, त्याच्या अगदी उलट. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे पटकन कळतं. हा आपला खरा ठेवा आहे, तो वापरा.

सुरुवातीलाच महागडं वाद्य घेऊ नका. आहे त्याच व्हायोलिनवर ‘ए’ आणि ‘डी’ला तात चढवा, सूर उतरवा आणि एक बरा बरोक गज मिळवा. काही दिवस नुसत्या मोकळ्या तारा वाजवा. कास्तेल्लो या इटालियन संगीतकाराचे 1621 आणि 1629 चे व्हेनिसमधले सोनाटा (वाद्यांसाठीच्या रचना) घ्या. कोरेल्ली या इटालियन व्हायोलिनवादकाच्या 1700 च्या सोनाटांतले संथ भाग तर आलाप-हरकतींची सवय असलेल्यांना आपलेच वाटतील, कारण छापलेला स्वर हा तिथे फक्त सांगाडा असतो. शक्य तेव्हा मूळ छापील प्रतीवरूनच वाजवा. आणि आकडे लिहिलेला बास (खालच्या स्वरांवर आकडे असतात, त्यावरून वरचे स्वर आपण भरायचे) पेटीवर का होईना, स्वतः वाजवून पाहा. तो ज्याला येत नाही, त्याला आपला स्वर कशावर उभा आहे हेच कळत नाही.

एकट्याने फार काळ सराव करू नका. डाउलंड या इंग्रज संगीतकाराचं 1604 चं ‘लाक्रिमे’ हे वाद्यवृंदाच्या रचनांचं पुस्तक छापताना प्रत्येकाचा भाग वेगळ्या दिशेला तोंड करून छापला होता, म्हणजे एकच पुस्तक टेबलावर उघडायचं आणि भोवती बसायचं. आम्ही तसंच बसलो. समोरच्याचा श्वास ऐकू येत होता, त्यामुळे सम कुणी मोजून द्यावी लागली नाही.