संकल्प जरा थांबू द्या

सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात नुसतं थंडीत उभं राहावं लागतं. ७ अंशांखालच्या गारठ्याचे शेकडो तास भरले नाहीत, तर वसंतात कळ्या धड फुटत नाहीत, फुलं मागेपुढे येतात. बाहेरून झाड वाळल्यासारखं दिसतं, पण आत हिशेब चालू असतो.

आपण मात्र ऐन थंडीत, दिवस सगळ्यात लहान असताना, पहाटे पाचचा गजर लावून नवा माणूस व्हायला निघतो. मला हे कधीच जमलं नाही, आणि आता त्याचं वाईटही वाटत नाही.

त्यापेक्षा दोन आठवडे एवढंच करून बघा. झोपायच्या तासभर आधी छतावरचे मोठे दिवे बंद करून कोपऱ्यातला एखादा पिवळसर दिवा ठेवा. प्रखर उजेडात झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन दबतं; मग अंग दमलेलं असूनही डोळे टक्क उघडे. सकाळी उलट करा: उठल्यावर वीसेक मिनिटं बाहेर पडा. ढगाळ आकाशाचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो. चालायलाच हवं असं नाही, चहा घेऊन उभं राहिलात तरी चालेल.

नव्या वर्षाचे बेत डोक्यात घोळत असतील तर कागदावर उतरवून खणात टाका. फेब्रुवारीत काढा. निम्मे तुम्हीच हसून खोडाल.

मात्र आठवडे उलटूनही मन खिन्नच राहिलं, कशातच गोडी वाटेना, तर तो आराम नव्हे, डॉक्टरांना दाखवा.