जुना भयपट आणि त्याचा रिमेक: जोडी लावून पाहण्याची रीत

रिमेक पाहून विरस होतो तेव्हा दोनांतली एक गोष्ट घडलेली असते. एकतर जोडीच चुकलेली असते, नाहीतर जोडी बरोबर असून पाहण्याची रीत चुकलेली असते. दोन्ही सुधारता येतात.

आधी जोडी. चांगल्या रिमेकची खूण एकच धरा: कल्पना तीच, पण भीती दुसऱ्या ठिकाणी हलवलेली. 'द फ्लाय' घ्या. दोन्ही वेळा शास्त्रज्ञ वस्तू एका पेटीतून दुसऱ्या पेटीत पाठवणारं यंत्र बनवतो, स्वतः आत शिरतो आणि त्याच वेळी एक माशीही आत असते. 1958 च्या सिनेमात अदलाबदल होते: माशीचं डोकं आणि एक पाय माणसाला लागतो, माणसाचं डोकं आणि हात माशीला. शास्त्रज्ञ तोंडावर कापड घेऊन वावरतो आणि ते कापड कधी उठतंय याच्यावर सगळा ताण असतो. 1986 मध्ये डेव्हिड क्रोननबर्गने ही अदलाबदलच काढून टाकली. त्याच्या सिनेमात यंत्र दोघांची जनुकं मिसळून टाकतं. माणूस सुरुवातीला उलट तगडा होतो, कॉफीत चमच्यामागून चमचा साखर घालतो, आणि मग एक दिवस बाथरूममध्ये आरशासमोर उभा असताना त्याचं नख सुटून हातात येतं. कापडाखाली काय आहे हा प्रश्न संपला. आता भीती आजाराची, आपलंच शरीर रोज थोडं थोडं हातचं जाण्याची. या मेकअपला ऑस्कर मिळालं.

पहिल्यांदाच जोडी लावत असाल तर हीच घ्या. 94 आणि 96 मिनिटं, दोन्ही रंगीत, त्यामुळे कृष्णधवलची सवय नसलेल्यालाही अडचण येत नाही. फक्त 1986 चा सिनेमा जेवणानंतर लगेच लावू नका. माशी अन्नावर आधी पाचकरस ओकते आणि मग ते शोषून घेते. हा सिनेमा ते लपवत नाही.

नावाबरोबर वर्षही तपासा. 'द थिंग' नावाचे दोन सिनेमे आहेत. 1982 चा रिमेक आहे, त्याची जोडी पुढे येतेच. 2011 चा रिमेक नाही, 1982 च्या कथेच्या आधी अंटार्क्टिकावरच्या नॉर्वेच्या तळावर काय घडलं ते त्यात आहे. चुकून तो आधी पाहिला तर 1982 च्या सुरुवातीचं कोडं, म्हणजे हेलिकॉप्टरमधली माणसं एका कुत्र्याला जिवाच्या आकांताने का मारू पाहताहेत, ते आधीच फुटतं.

क्रम: जुना आधी, नवा नंतर. मध्ये चार ते सात दिवस जाऊ द्या. एकाच रात्री दोन्ही लावले की डोकं हिशेब करायला लागतं, हे होतं, हे नव्हतं, हे बदललं, आणि घाबरायचं राहूनच जातं. आठवड्याभराने जुन्यातली दोनचार चित्रं आणि कथेचा सांगाडा एवढंच मनात उरतं. रिमेक पाहायला तेवढंच सामान पुरतं. महिना लोटू दिलात तर मात्र तेही पुसट होतं आणि जोडी लावण्याला अर्थ राहत नाही.

टीव्हीवर तीन गोष्टी बंद करा. पहिली, मोशन स्मूदिंग (प्रत्येक कंपनी याला वेगळं नाव देते). सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो. टीव्ही मध्ये स्वतःची चित्रं घुसडतो आणि सगळं दुपारच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसू लागतं. रबराचे मुखवटे आणि कृत्रिम रक्त यात सर्वांत आधी उघडं पडतं. दुसरी, खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा आपोआप उजळ-मंद करणारी सोय. अंधाराच्या प्रसंगात ती नेमकी घात करते. तिसरी, आवाजाचा नाइट मोड. तो हळू आवाज वाढवतो आणि मोठा दाबतो, म्हणजे शांतता आणि किंकाळी यांच्यातलं अंतरच खातो. शेजाऱ्यांची काळजी असेल तर हेडफोन लावा. दिवे घालवा, पण टीव्हीच्या मागे एक मंद दिवा राहू द्या. डोळे शिणत नाहीत आणि पडद्यावरचा काळा रंग जास्त गडद वाटतो. जुन्या सिनेमाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर ते तसेच राहू द्यावेत. झूम केलंत तर वरची डोकी आणि खालचे हात कापले जातील.

आता या प्रकारातली सर्वांत समृद्ध जोडी. 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' (1951, 87 मिनिटं) आणि जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' (1982, 109 मिनिटं). दोन्हींच्या मागे जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची 1938 ची एकच कथा आहे. जुना उत्तर ध्रुवाकडे घडतो, नवा अंटार्क्टिकावर. जुन्यात बर्फाच्या लादीत गोठलेल्या परग्रहवासीयावर कुणीतरी विजेचं ब्लँकेट टाकतं आणि लादी वितळते. पुढे तो प्राणी जवळ येतोय हे गायगर काउंटरच्या, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राच्या, टकटकीवरून कळतं. म्हणजे राक्षस बाहेर, माणसं आत, आणि आतली माणसं एकमेकांचं बोलणं तोडत, थट्टा करत, खांद्याला खांदा लावून उभी. या गडबडीच्या बोलण्याकडे नीट कान द्या, कारण 1982 मध्ये हीच एकजूट नाहीशी झालेली आहे. कार्पेंटरने कॅम्पबेलची मूळ कल्पना परत आणली: प्राणी ज्याला गिळतो त्याचंच रूप घेतो. तळावर बारा माणसं, आणि त्यांतलं माणूस कोण हे बारांपैकी कुणालाच ठाऊक नाही.

रक्ताच्या चाचणीचा प्रसंग येईल तेव्हा तो न थांबवता पाहा. सगळ्यांना बांधलेलं आहे. प्रत्येकाच्या अंगठ्याला चीर देऊन काचेच्या बशीत रक्त घेतलेलं. नायक कर्ट रसेल तारेचं टोक ज्वाळेवर तापवतो आणि बशीत टेकवतो. चर्र. काही नाही. पुढची बशी, पुन्हा तार तापवायची, पुन्हा चर्र. दोनतीन वेळा झालं की आपला श्वास त्या लयीला लागतो. मग रसेल हातातल्या बशीवरचं लक्ष काढून दुसऱ्याच माणसाशी वाद घालू लागतो, आपणही त्या माणसाकडे बघू लागतो, आणि नेमकं तेव्हाच घडायचं ते घडतं. सिनेमा संपल्यावर हा प्रसंग परत लावा आणि या वेळी फक्त बशी धरलेला हात बघा. दचकवण्याची कला कशी चालते ते इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित सापडतं.

कार्पेंटरला जुन्याचा किती आदर होता हेही पडद्यावरच सापडतं. पडदा जाळत उमटणारं शीर्षक जुन्यासारखंच आहे. नॉर्वेजियन तळावरून आणलेल्या व्हिडिओत माणसं बर्फावर गोल करून उभी राहतात. 1951 मध्ये बर्फाखालच्या यानाचा आकार मोजायला माणसं अशीच हात पसरून उभी होती. कार्पेंटरच्याच 1978 च्या 'हॅलोविन'मध्ये घरातल्या टीव्हीवर जो जुना सिनेमा चालू असतो तोही हा 1951 चाच. 1982 मध्ये 'द थिंग' चालला नाही. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' लागला होता आणि लोकांना तो प्रेमळ परग्रहवासी हवा होता.

मूकपटापासून सुरुवात करायची असेल तर 'नोस्फेराटू': 1922 चा मुर्नाऊचा, 1979 चा वेर्नर हेर्झोगचा, 2024 चा रॉबर्ट एगर्सचा. इथे लोक फसतात ते 1922 च्या प्रतीत. नेटवर फुकट मिळणाऱ्या कित्येक प्रती निव्वळ कृष्णधवल आहेत. रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून त्यांवर निळी छटा दिलेली होती. ती छटा काढली की रक्तपिपासू काउंट ऑरलॉक भर उन्हात शवपेटी उचलून फिरताना दिसतो, आणि जो सूर्यप्रकाशानेच मरायचा त्याची सगळी कथा कोसळते. रंगछटा असलेली, दुरुस्त केलेली प्रतच शोधा. हेर्झोगचा सिनेमा जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चित्रित झाला होता. सबटायटलसह जर्मन घ्या, तो जास्त सहज वाटतो.

न जमलेली जोडीही एकदा पाहावी. गस व्हॅन सँटने 1998 मध्ये हिचकॉकचा 'सायको' जवळजवळ शॉट टू शॉट पुन्हा काढला, त्याच पटकथेवर, बर्नार्ड हरमनचंच संगीत ठेवून, रंगीत. भीती मात्र जागची हलली नाही, म्हणून ती सापडतही नाही. हिचकॉकने 1960 मध्ये सिनेमा सुरू झाल्यावर कुणाला आत सोडू नका असा आग्रह धरला होता, कारण पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक नसणं यावर सगळं उभं होतं. 1998 च्या प्रेक्षकाला शॉवरखालच्या खुनाचा प्रसंग आधीच पाठ होता. पूर्ण पाहू नका. तेवढाच एक प्रसंग दोन्हींतून पाठोपाठ पाहा.

मराठी माणसाला सबटायटलशिवाय जोडी हवी असेल तर विशाल फुरियाचा 'लपाछपी' आणि त्याचाच हिंदी 'छोरी' (2021). ही जोडी जुनी नाही, पण दिग्दर्शक एकच आणि दोन्हींत उसाचं शेत, त्यामुळे भाषा, कलाकार आणि गाव बदलल्यावर तीच भीती किती उरते हे तपासायला सोपी. 'लपाछपी' आधीच पाहा.

या सगळ्यात एक रिमेक दोनदा पाहण्याजोगा आहे: 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स', फिलिप कॉफमनचा, 1978 चा, 115 मिनिटं. मूळ 1956 चा, डॉन सीगलचा, 80 मिनिटं. माणसं झोपली की शेंगेतून त्यांची हुबेहूब, भावनाशून्य नक्कल तयार होते. जुन्यात हे कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावात घडतं, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि म्हणून कुणी बदललं की लगेच जाणवतं. कॉफमनने गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत नेली. तिथे गर्दीत अनोळखी चेहरे आधीच थंड असतात, तेव्हा बदल कळणार कसा? पहिल्यांदा पाहताना कथा बघा. जुन्याचा नायक केव्हिन मॅकार्थी गाडीच्या काचेवर आपटून ओरडतो तो क्षण आणि टॅक्सी चालवणारा म्हातारा, म्हणजे खुद्द सीगल, सुटू देऊ नका. दुसऱ्यांदा पुढच्या पात्रांकडे पाहूच नका. त्यांच्या मागे, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कचऱ्याच्या गाड्या बघा. सुरुवातीपासून त्यांत काहीतरी राखाडी, पिंजलेल्या काथ्यासारखं भरलं जातंय, दाबलं जातंय, आणि कुणीही वळून बघत नाही.