डी अँड डीत सारखी रेस बदलणारं कॅरेक्टर खेळताय? मग या चुका टाळा

फोंड्याला दर रविवारी दुपारी आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन टेबलवर खेळायचा गोष्टीचा खेळ) ग्रुप बसतो. जेवणं उरकली की सोप्यावर चटई टाकायची, पाऊस वाऱ्याबरोबर आत यायला लागला की सगळं उचलून माजघरात न्यायचं, असं चालतं. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी असतो. आमच्या पार्टीत, म्हणजे कॅरेक्टरांच्या टोळीत, वारण नावाचं एक कॅरेक्टर आहे, ते आत्तापर्यंत चार वेळा मेलंय आणि चारही वेळा वेगळ्याच अंगात परत आलंय. आधी माणूस, मग ड्वार्फ (दाढीवाला बुटका), मग ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनच्या वंशाचा), मग टीफलिंग (शिंगांचा) आणि आता हाफलिंग (जेमतेम तीन फुटांचा). असं कॅरेक्टर नीट खेळलं तर सगळ्या टेबलला रंग चढतो आणि चुकलं तर दोन सेशनमध्ये सगळे कंटाळतात, हे दोन्ही आम्ही बघितलंय, म्हणून लिहितोय.

आधी एक, रेसला, म्हणजे माणूस, ड्वार्फ अशा कॅरेक्टरच्या वंशाला, टेबलवर मराठीत 'जात' म्हणू नका, त्या शब्दाला आपल्याकडे फार वेगळं वजन आहे. सरळ रेस म्हणा. २०२४ च्या नियमांत तर रेस जाऊन स्पीशीज आलंय.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नवं शरीर मिळालं की जुनं कॅरेक्टर टाकून द्यायचं. काल ड्वार्फ होता तेव्हा दारू आणि दाढी, आज हाफलिंग झाला तर सगळं लक्ष खाण्यावर, उद्या ऑर्क झाला की लगेच गुरगुरणार. अरे पण आत तोच आहे ना! मेलेल्याला नव्या शरीरात परत आणणारा जो रीइनकार्नेट स्पेल (मंत्र) आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की आधीचं आयुष्य आणि अनुभव लक्षात राहतात, क्लास (कॅरेक्टरचा पेशा) आणि शिकलेल्या गोष्टी राहतात, बदलते ती रेस आणि रेसमुळे मिळणारे गुण. म्हणजे स्वभाव बदलायचं काही कारणच नाही, बदलायचं ते शरीर आणि त्या शरीराशी त्याचं चाललेलं भांडण.

आमच्याकडे पेडण्याच्या बाजूला जत्रांना दशावतार असतो, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. लिहिलेली संहिता नसते, नट स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो, आज राक्षस तर उद्या स्त्रीपार्ट, आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात कारण या पात्राला या क्षणी काय हवंय ते त्याला पक्कं माहीत असतं. आपल्याला तेच करायचंय. आवाज काढणं नंतर, आधी वारणला काय हवंय ते ठरवा. आमच्या वारणला आपल्या आईला एकदा भेटायचंय, आणि हे पाचही शरीरांत तसंच राहिलंय.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. प्रत्येक शरीराची एक सवय मागे राहू द्या, एकच, आणि ती हातापायांत दिसली पाहिजे, सांगून उपयोग नाही. माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकले, घरात कोकणी, देवळात भजन-कीर्तन मराठीतून, १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९८७ ला राज्य झालं, हे सगळं त्यांनी आपल्या त्याच घरात बसून पाहिलं, पण नोटा मोजायला घेतल्या की शेवटपर्यंत ओठांतल्या ओठांत 'उं, दोयश, त्रेश' चालायचं. कोणी बघतंय म्हणून नाही, आपोआप. कॅरेक्टरला असंच काहीतरी द्या.

वारणचा प्लेयर हे फार सुंदर करतो. ड्वार्फ असल्यापासून तो अनोळखी खोलीत शिरला की तळहात भिंतीवर टेकवतो, दगड कसा लागतो ते बघायला. ड्रॅगनबॉर्न असताना तोंडातून आग काढायचा, तर अजूनही राग आला की छाती भरून श्वास घेतो, आणि मग आग येणार नाही हे आठवून तो श्वास हळूच सोडतो. टीफलिंग असताना शिंगं होती, म्हणून आता जेमतेम तीन फुटांचा असूनही दारातून जाताना मान तिरकी करतो. मागच्या महिन्यात आमच्या प्लेयरने चटईवर बसल्या बसल्या नुसती मान तिरकी केली, बोलला काहीच नाही, आणि समोरची पोरगी जी बार्ड (गाण्यातून जादू करणारं कॅरेक्टर) खेळते ती पटकन म्हणाली, 'अरे वारण, शिंगं गेली तुझी!' सगळे दोन सेकंद गप्प होते. पाच मिनिटांच्या भाषणाने हे झालं नसतं.

भाषणावरून आठवलं, असं कॅरेक्टर हातात आलं की माणूस बोलत सुटतो. मी कोण आहे, मी कुठला, माझा खरा चेहरा कुठला, दर मुक्कामाला शेकोटीजवळ तेच. बाकीच्या चार जणांनाही त्यांची कॅरेक्टरं आहेत हो. दोन वाक्यं बोला आणि तिसऱ्या वाक्यात दुसऱ्याला प्रश्न विचारा, 'तुला मी कुठल्या रूपात पहिल्यांदा दिसलो?' असा. म्हणजे तोही आत येतो.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे आत्ताचं शरीरच विसरायचं. ही शीटवरची, म्हणजे कॅरेक्टरचे गुण आणि आकडे लिहिलेल्या कागदावरची, चूक आहे आणि ती दर सेशनला होते. टीफलिंगला ६० फुटांपर्यंत अंधारात दिसतं, हाफलिंगला दिसत नाही. वारण हाफलिंग झाल्यावर पहिल्याच तळघरात प्लेयर म्हणाला मी पुढे जातो, मशाल नको. मी म्हटलं, काळोख आहे. तो शीट बघायला लागला, मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने ती स्वतःची चूक वारणची चूक करून टाकली, 'वारण चार पायऱ्या उतरतो, थांबतो आणि मागे हात करतो.' बार्डने तो हात धरला. तर चूक झाली की लगेच पुसू नका, आधी ती कॅरेक्टरला देता येते का बघा.

तरी शीट त्याच दिवशी नीट करा. २०१४ च्या नियमांप्रमाणे ड्वार्फ आणि हाफलिंगचा स्पीड (एका पाळीत किती चालता येतं) २५ फूट, माणूस, ड्रॅगनबॉर्न, टीफलिंगचा ३०. हाफलिंग स्मॉल साइझ, म्हणजे ग्रेटस्वोर्डसारखं हेवी शस्त्र घेतलं की प्रत्येक हल्ल्याला डिसअॅडव्हांटेज, म्हणजे फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा. ड्वार्फ असताना विषापासून थोडं संरक्षण होतं, ते गेलं की समोर येईल तो पेला घटाघटा प्यायची सवय महागात पडणार (आणि हीसुद्धा चांगली उरलेली सवय आहे, वापरा). भाषांवर हमखास वाद होतो, कारण त्या रेसबरोबर येतात पण आठवणी तर राहतात. आमच्याकडे जुन्या भाषा राहतात असं ठरवलंय. तुम्ही काहीही ठरवा, पण कॅम्पेन (सलग चालणारी मोठी गोष्ट) सुरू होताना ठरवा, भांडण झाल्यावर नको.

चेंजलिंग नावाच्या रेसशी पण घोळ घालू नका. तो मनात येईल तेव्हा रूप बदलतो आणि परत मूळ रूपात येतो. वारणला परत जायला जागा नाही. दोघांचं दुःख वेगळं आहे.

मुद्दाम मरणं, हा आजार जरा गंभीर आहे. नवी रेस हवी म्हणून प्लेयर कॅरेक्टरला ड्रॅगनच्या तोंडात नेऊन उभं करतो. २०१४ च्या पुस्तकात रीइनकार्नेट हा ड्रुइडचा (निसर्गाची जादू करणारा क्लास) पाचव्या लेव्हलचा स्पेल आहे, मेल्यापासून दहा दिवसांच्या आत करायचा, एक तास लागतो आणि १००० सोन्याच्या नाण्यांची दुर्मिळ तेलं आणि मलमं खर्ची पडतात. ती नाणी येतात पार्टीच्या थैलीतून. डीएमनी हे सोडू नये, कोणी काय विकलं ते टेबलवर बोललं गेलं पाहिजे. वारण तिसऱ्यांदा परत आला तेव्हा बार्डने तिच्या गुरूची वीणा विकली होती, तेव्हापासून तो तिच्याआधी कधी जेवत नाही. आणि हवी ती रेस मिळेल असंही नाही, १०० च्या फाशावर ७७ ते ९६ आलं की माणूस, म्हणजे पाचातल्या एका वेळी साधा माणूसच व्हायचं.

शेवटचं डीएम लोकांसाठी. प्रत्येक ओळखीच्याला वारण लगेच ओळखू आला तर सगळी मजा गेली, आणि कोणालाच कधी ओळखू आला नाही तर प्लेयर थकतो. ओळख पटायला सवयी वापरा, त्यासाठीच त्या पेरल्यात. वारणची आई येत्या रविवारी भेटणार आहे, प्लेयरला अजून माहीत नाही. ती आंधळी आहे, आणि वारण माणूस होता तेव्हा दाराची कडी दोनदा वाजवायचा. आता त्याचा हात कडीला पोचत नाही.